हरभऱ्याचे तारे

गोजराबाईनं होळीच्या दुसऱ्या दिवशीच सांगून टाकलं. हनुमान जयंतीच्या जत्रेत यंदाही हिरवे तारे आभाळात दिसले नाहीत, तर गुरांच्या कोठ्यामागची लोखंडी उखळी विहिरीत जाईल, आणि ढकलायला ती स्वतः हात लावील.

इंद्रभान तेव्हा जेवत होता. त्यानं घास गिळला, पाणी प्यायला आणि नवऱ्यानं अशा वेळी जे करायचं असतं ते केलं, म्हणजे अडचण काढली.

"विहिरीत कायले टाकतं वं? पानी खराब होईन ना."

"पडक्या विहिरीत टाकीन. तिले पानीच नाई. तुमी फिकर नोका करू."

म्हणजे बाईनं विहीरसुद्धा आधीच पाहून ठेवली होती. इंद्रभानची भूक मेली. तरी त्यानं अजून एक भाकर खाल्ली, ती केवळ रागानं.

आता ही उखळी काय चीज होती ते सांगतो. मांडीएवढं जाड, हातभर उंच लोखंडी नळकांडं, बुडाशी बंद. तिच्यात उडवायची दारू, वर कागदाचा गोळा. बत्ती दिली की गोळा धडाडदिशी वर जायचा, आभाळात फुटायचा, आणि त्याच्या पोटातले तारे पेटून चौफेर पसरायचे. पसरायचे म्हणजे पसरायला पाहिजेत. इंद्रभानचे गेली तीन सालं पसरत नव्हते. गोळा फुटायचा, फट्टदिशी एक पांढरा उजेड पडायचा, आणि मग नुसता धूर. त्या धुराखाली अख्खं इंझोरी गाव माना वर करून उभं राहायचं आणि मग माना खाली करून इंद्रभानकडं बघायचं.

बरं, हे सगळं त्यानं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं होतं. तीन सालांपूर्वी पारावर बसून, कोणी विचारलं नसताना, हा बोलून गेला होता, "जत्रेच्या दिवशी आभायात हरभऱ्याचं वावर दाखवतो तुमाले. हिरवंगार!" तेव्हापासून गावातल्या पोराटोरांनासुद्धा हिरवा रंग म्हटलं की हसू यायचं.

इंद्रभान माणूस वाईट नव्हता. शेती बरी होती. कपाशी होत होती, ज्वारी होत होती. पण कपाशी काय, सगळ्यांचीच होते. वाशीमच्या लखीराम उस्तादाचं दारूकाम त्यानं एका लग्नात पाहिलं, आणि चाळिशी ओलांडलेला हा बाप्या वरातीत नवरदेवाला सोडून उस्तादाच्या मागं मागं फिरला. चार-सहा वाऱ्या करून थोडंफार शिकला. कोठ्यामागं तुराट्यांची खोपडी बांधली. वर्षभर वावरात राबायचं ते मनात हीच एक संध्याकाळ धरून. उखळी गेली असती तर त्याच्या आयुष्यात उरलं काय असतं? कपाशी, ज्वारी आणि जगदेव.

हा जगदेव म्हणजे ज्याच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, इंद्रभानच्या धुऱ्याला लागून होता तो. त्या चैत्रात सरकारनं नवे पैसे काढले होते. इवलासा तो नवा पैसा लोकांच्या बोटांतून निसटायचा, मातीत हरवायचा. जगदेव पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "नवा पैसा आन इंद्रभानचा तारा. दोन्ही कोनाले दिसत नाई."

लोक असे हसले की मारुतीच्या पारावरची कबुतरं उडाली. इंद्रभानचं डोकं फिरलं. तो तडक मारुतीसमोर गेला, पायावर हात ठेवला आणि ओरडला, "या खेपी तारा नाई लागला त उखळी माह्या हातानं विहिरीत टाकतो. मंग त झालं?"

गोजराबाईला तेच पाहिजे होतं. आता बायकोचं म्हणणं आणि मारुतीची शपथ एक झाली. शेंदूर लागलेलं बोट धोतराला पुसत तो घरी आला, आणि आपण काय करून बसलो ते त्याला दारात आल्यावर कळलं.

खोपडीचे नियम लखीरामनं घालून दिले होते. आत विडी नाही, लोखंडावर लोखंड आपटायचं नाही, बडबड नाही. चौथा नियम इंद्रभाननं आपल्या पदरचा घातला होता: बाईमाणूस आत नाही. का नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं. लखीरामच्या घरी तर त्याची बायकोच गोळ्यांना कागद चिकटवायची. पण नियम म्हटला की जरा वजन येतं, आणि इंद्रभानला वजनाची गरज होती.

गंमत अशी, की खोपडीच्या कुडापलीकडं, दहा पावलांवर, गोजराबाई त्याच दिवसांत साखरफुटाणे करत बसायची. मारुतीच्या प्रसादाच्या साखरफुटाण्यांचा मान त्या घराचा. तिच्या सासूनं केले, आता ती करायची. हरभरे आधी तापल्या वाळूत भाजायचे, मग परातीत घेऊन त्यांवर पाकाचा पळीभर शिडकावा, आणि हातानं गोल गोल हलवत राहायचं. एक पूट, म्हणजे साखरेचा थर, चढलं की सुकू द्यायचं. मग दुसरं. मग तिसरं. तीन दिवस हेच. तिच्या फुटाण्याची साखर जिभेशिवाय कुठंच सुटत नाही, असं पोहरादेवीच्या जत्रेतले दुकानदारसुद्धा म्हणायचे.

आणि कुडाच्या या बाजूला इंद्रभान काय करायचा? परातीत हरभरे घ्यायचा, त्यांवर खळीच्या पाण्याचा शिडकावा मारायचा, वरून हिरव्याचा मसाला भुरभुरवायचा आणि हातानं गोल गोल हलवत राहायचा. पूट चढवायचा, वाळवायचा, पुन्हा पूट. हरभऱ्याचा दाणा फुगत फुगत सुपारीएवढा झाला की तो झाला तारा. तीन सालं तो हे करत होता, आणि तीन सालं त्यानं एकदाही मान वळवून पलीकडं पाहिलं नव्हतं.

तारे वाळले की त्यांना भेगा पडायच्या. पहिल्या साली त्यानं उन्हाला शिव्या दिल्या. दुसऱ्या साली तारे सावलीत वाळवले, तरी भेगा. मग त्यानं खळीला शिव्या दिल्या. शिवाय पुनवेच्या चांदण्यात हिरवं दिसत नाही, असं पारावर सांगून पाहिलं, तर जगदेवनं विचारलं, "मंग अमावशेले उडवाचं का?" तिसऱ्या साली कारणं संपली, म्हणून जगदेवच्या नजरेवर ढकललं आणि खोपडीच्या दाराला काळी बाहुली बांधली. तिचा उपयोग इतकाच झाला, की अंधारात शिरताना ती दर वेळी त्याच्याच नाकाला लागायची.

शपथेनंतर मात्र बाहुलीवर भागण्यासारखं नव्हतं. त्यानं दोन भेगाळलेले तारे फडक्यात बांधले, मोटारीनं वाशीम गाठलं आणि लखीरामच्या ओट्यावर जाऊन बसला. म्हाताऱ्याची नजर गेली होती, पण बोटं शाबूत होती. त्यानं तारा बोटांत फिरवला, भेगेत नख घातलं.

"वरून गुटगुटीत, आन आतून भेगाच भेगा. आग त्या भेगात घुसते. मंग तारा हयूहयू जळत नाई, एका दमात खाक होते. तुले पांढरं दिसते ना, थेच."

"पन भेगा पडते काहून, उस्ताद?"

"लय पानी, लय ऊन, नाई त लय घाई. मधी काय घालतं?"

"दाना."

"बराबर."

आता लखीराम स्वतः आत राईचा दाणा घालायचा, टाचणीच्या डोक्याएवढा. राई ती केवढी, तिनं काय बिघडणार? पण राईवर सुपारीएवढा तारा चढवायचा म्हणजे पंधरा दिवसांचं काम. इंद्रभानला एवढा दम कुठला? त्यानं सुरुवातच मोठ्या दाण्यानं केली होती. आणि तो होता शेतकरी. शेतकऱ्याला लहानपणापासून एक गोष्ट पक्की ठाऊक, की बी चांगलं तर पीक चांगलं. म्हणून गाडग्यात राख घालून ठेवलेला, दाणा दाणा निवडलेला, पेरणीचा हरभरा तो ताऱ्यांसाठी घ्यायचा. म्हाताऱ्यानं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. दोघंही समाधानानं चहा प्यायले.

घरी येऊन त्यानं एक तारा मधोमध कापला. अर्धी फोड ओसरीच्या भिंतीतल्या दिवळीत ठेवली, तिच्याकडं बघत बघत जेवला आणि बघत बघत झोपला. सकाळी उठून पाहतो, तर फोड दिवळीत नाही. गोजराबाई ती हातात घेऊन चुलीपुढं बसलेली.

"अवं, चुलीपाशी नेली का! घर जाळतं का काय?"

"मले वाटलं सुपारी हाय," ती म्हणाली आणि फोड परत करता करता पुन्हा एकदा उलटून पाहिली. "मधी हरभरा हाय का हो?"

"बियाण्याचा हाय, साधासुधा नोहे."

"माह्या गाडग्यातला?"

"आपल्या," इंद्रभान म्हणाला. मग मोठं भांडण होणार म्हणून तो तयारीनं उभा राहिला. पण ती काहीच बोलली नाही. भाकरीचं पीठ मळायला लागली. इतकी वर्षं संसार करून त्याला एवढं कळायला पाहिजे होतं, की ही बाई काही बोलत नाही तेव्हाच सावध व्हायचं असतं. पण त्याच्या डोक्यात लय पानी, लय ऊन, लय घाई एवढंच फिरत होतं.

त्यानं या खेपी पाणी कमी केलं. तारे सावलीत वाळवले. घाईसुद्धा आवरली, निदान त्याच्या हिशेबानं. खोपडीच्या दाराशी गाडगं होतंच, त्यातले मूठ मूठ हरभरे घेऊन पूट चढवू लागला. दाणा यंदा जरा हलका आणि खडखडीत वाटला. "यंदा थंडी चांगली पडली, दाना कसा वाळला पाय," असं तो स्वतःलाच म्हणाला. बडबड नाही हा नियम तो एकटा असताना पाळत नसे.

आणि काय आश्चर्य! चार दिवस झाले, तारे गुळगुळीत. आठ दिवस झाले, एक भेग नाही. त्यानं एक कापून पाहिला. पूट पुटाला घट्ट चिकटलेलं. आतल्या दाण्याकडं त्यानं बघितलंच नाही, दाण्यात बघायचं काय? आनंदानं त्यानं काळी बाहुली काढून फेकून दिली. मग भीती वाटून पुन्हा शोधून आणली आणि बांधली.

जत्रेच्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला उखळी मारुतीच्या मागच्या वावरात पुरली. माणसं जमली. आसपासच्या तांड्यांवरूनही लोक आले होते. जगदेव सगळ्यांत पुढं, आणि येताना त्यानं खांद्यावर जाड दोरखंडाचा नाडा आणला होता. विहिरीत ढकलायच्या आधी उखळी बांधून न्यायला लागेल म्हणे. बायका पाराजवळ उभ्या होत्या. गोजराबाईच्या पुढ्यात फुटाण्यांचं टोपलं होतं, आणि ती शांतपणे वाटत होती.

इंद्रभान बत्ती हातात घेऊन उखळीशी उभा राहिला. त्याला रडू येत होतं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तो उगाच पोट्ट्यांवर ओरडत होता, "मांगं सरका बे! मांगं!" सगळे मागं सरकले. त्यानं बत्ती दिली, पळाला, धोतरात पाय अडकून पडला आणि पडल्या पडल्याच वर पाहिलं.

धडाड! गोळा गेला. वर जाऊन फुटला. एक क्षण काहीच झालं नाही, आणि त्या क्षणात इंद्रभाननं मारुतीला इतकं काही कबूल केलं, की फेडायला दोन जन्म पुरले नसते.

मग हिरवं झालं.

एक नाही, दोन नाही, गोळ्यात भरले होते तेवढे सगळे तारे लागले. हळूहळू जळत, खाली येत, अख्ख्या आभाळात पसरले. मारुतीचं देऊळ हिरवं, चिंच हिरवी, माणसांची वर केलेली तोंडं हिरवी. खुद्द जगदेवचं उघडं तोंड आणि आतले दोन किडके दात हिरवे. आणि पहिल्यांदाच सगळं गाव गप्प होतं. मग जो ओरडा झाला, तो ऐकून बैलांनी दावी तोडली.

"दिसला बे! दिसला!" जगदेव नाडा फेकून नाचत होता. वैर बिर सगळं विसरला होता बिचारा. इंद्रभान मातीतच बसून होता आणि आता उघड उघड रडत होता.

मग पारावर जे व्हायचं ते झालं. कसं केलं, कसं केलं म्हणून लोकांनी घेरलं, आणि गड्यानं सांगितलं. सावली सांगितली, पाणी सांगितलं, सबुरी सांगितली. सांगता सांगता सबुरी इतकी वाढली, की ऐकणाऱ्याला वाटावं हा गेली तीन सालं समाधी लावूनच बसला होता. घरी आला तरी तोंड चालूच. गोजराबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"डोकं पाह्यजे वं, डोकं," इंद्रभान ओसरीवरून म्हणाला. "हात सगळ्यायलेच असते."

"हाव," गोजराबाई म्हणाली.

भूक लागली होती. भाकर व्हायची होती. उरलेल्या हरभऱ्याचं गाडगं त्यानं सकाळीच खोपडीतून आणून ओसरीवर ठेवलं होतं. बोलता बोलता त्यानं त्यात हात घातला, वरचेच चार दाणे चोळून तोंडात टाकले, आणि ते कुडुम कुडुम फुटले.

इंद्रभान थांबला. कच्चा हरभरा असा फुटत नाही. कच्चा हरभरा दात पाडतो. त्यानं आणखी दोन खाल्ले. मग गाडगं नाकाशी नेलं. भट्टीचा आणि तापल्या वाळूचा वास आला. तो उठून चुलीपाशी गेला.

"काय वं, हा हरभरा भाजेल हाय."

"हाव. थोडासाच. टरफल फुटू नाई देलं. नाई त तुमी ओयखलं असतं."

"काहून भाजला पन?"

गोजराबाईनं तव्यावरची भाकर उलटली. "जित्त्या हरभऱ्यावर पाक घातला त काय होते, मले इचारा. दाना पानी पेते, फुगते. वाळला की आत बसते. मंग वरची साखर तडकते. सासूबाईनं मले पह्यल्याच साली शिकवलं, आधी दान्याचा जीव काढ, मंग साखर चढव. आन तुमी त निवडून निवडून बियाण्याचा घेतला, सगळ्यात जास्त पानी पेनारा! आभायात काय पेराचं होतं तुमाले?"

इंद्रभान पाटावर बसला. पाट जागेवर नव्हता, तो जमिनीवरच बसला.

"मंग तीन वर्सं काहून नाई सांगितलं?"

"मले काय मालूम तुमी मधी काय घालता? खोपडीत पाय ठेवू देला का कधी? दिवळीत फोड पाह्यली तवा समजलं."

"तवा सांगाचं!"

"ऐकलं असतं का?"

इंद्रभाननं खरंच विचार केला. नसतं ऐकलं. उलट तिला दारूकामातलं काय कळतं यावर एक तास बोलला असता.

"पन तुलेच त उखळी विहिरीत टाकाची होती," तो म्हणाला. "काही नसतं केलं त आपोआप गेली असती."

"गेली असती." तिनं पुढची भाकर थापायला घेतली आणि हातातल्या पिठाकडंच बघत बोलली. "तीन सालं पाह्यलं म्या. जत्रा झाली की आठ आठ दिवस तुमी भिताडाकडं तोंड करून पडता. बोलत नाई, भांडत नाई. मले थे नाई सोसत. मले वाटलं, उखळी गेली म्हंजे थे दुखनं जाईन. मंग फोड पाह्यली आन समजलं, का दुखनं उखळीचं नाई, हरभऱ्याचं हाय." मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आन उखळी गेली असती त तुमी भजनात गेले असते. तुमचा गळा मले मालूम हाय."

इंद्रभाननं चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं. तेवढ्यात ओसरीवर गलका झाला, म्हणून तो उठून बाहेर आला. जगदेव आला होता, मागं पाच-सहा जण, आणि त्याच्या हातात मारुतीच्या गळ्यातला झेंडूचा हार. त्यानं तो इंद्रभानच्या गळ्यात घातला.

"आता खरं सांग बे. सबुरी बिबुरी सोड. इतकी अक्कल तुह्यात नाई. गुरू कोन भेटला? वाशीमचा म्हतारा का?"

इंद्रभाननं तोंड उघडलं. अख्खं गाव त्याच्या बाजूनं होतं, गळ्यात हार होता, आणि सावली-पाणी-सबुरी सगळं पाठ झालं होतं. एक वाक्य बोलायचं आणि जन्मभर मिरवायचं, इतकं सोपं होतं. त्याच्या दाढेत हरभऱ्याचा एक तुकडा अडकला होता. तो त्यानं जिभेनं काढला आणि गिळला.

"म्हतारा नोहे," तो म्हणाला. "गुरू आत भाकरी थापून राह्यला."

सगळे खो खो हसले. इंद्रभान चिडला. "हासता कायले बे? भाजेल हरभरा हाय मधी. माह्या डोक्यातून नाई निंगाला, तिच्या वाळूतून निंगाला. म्या नुसती बत्ती देली."

हसणं थांबलं. जगदेवनं दारातून आत डोकावून पाहिलं. आतला भाकरीचा थपथप आवाजही थांबला होता. इंद्रभाननं गळ्यातला हार काढला, पण तो नेऊन तिला द्यायची लाज वाटली, म्हणून दाराच्या खुंटीला अडकवला. आता ही काय बोलेल या भीतीनं तो तिथंच उभा राहिला.

"जगदेवभाऊजी," आतून गोजराबाईचा आवाज आला, "आले हा त जेवूनच जा. आन उद्या सकायी कुऱ्हाड घेऊन या. खोपडीचं दार रुंद करा लागते. माही फुटाण्याची मोठी परात त्यातून आत जात नाई."

जगदेवनं इंद्रभानकडं पाहिलं.

"लवकर ये," इंद्रभान म्हणाला. "ऊन तापाच्या आत."